गाय व्याली, याला इंग्रजीत काय म्हणायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी इंग्रजी शब्दांचं जे सदर येतं त्यात सध्या प्राण्यांवरचे ॲडव्हान्स्ड शब्द देताय, ते मी न चुकता वाचते, आणि माझ्याकडे शिकवणीला येणारी मुलं त्याची कात्रणं वहीत चिकटवतात, म्हणून हे पत्र लिहायला बसले. सदर बंद करा असं मुळीच म्हणायचं नाहीये, उलट जागा वाढवून द्या असंच म्हणेन, पण त्यातले शब्द बदला, अगदी मनापासून सांगते. पत्र जरा लांबलंय, कापून छापलंत तरी चालेल, पण एकदा सगळं वाचा.

आत्तापर्यंत आलेली यादी अशी होती: बोव्हाइन, फिलाइन, इक्वाइन, व्हल्पाइन, अर्साइन, म्हणजे गायीसारखा, मांजरासारखा, घोड्यासारखा, कोल्ह्यासारखा, अस्वलासारखा. मग पुढच्या वेळी कळपांची नावं आली, कावळ्यांचा मर्डर, घुबडांची पार्लमेंट, गेंड्यांचा क्रॅश. मुलांना मजा येते हे खरंय आणि पाठही पटकन होतं. पण आमच्या बडोद्यात आज कुठल्याही मोठ्या रस्त्यावर जा, आयेल्ट्सच्या, म्हणजे परदेशी जायला द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, क्लासची पाटी दिसतेच, बारावी झालेलं मूल कॅनडा नाहीतर ऑस्ट्रेलियाच्या तयारीला लागलेलं असतं, आणि त्यांना क्लासमधे ज्या झेरॉक्स मिळतात त्यातही हेच शब्द असतात. परीक्षेत समोरचा कार्ड देतो की तुमच्या देशातल्या एखाद्या जंगली प्राण्याबद्दल बोला, तयारीला एक मिनिट, मग एक ते दोन मिनिटं एकट्याने सलग बोलायचं. मुलगा बडोद्याचा, जिथे गावातल्या नदीतच मगरी, तो साहजिकच मगर निवडतो, आणि क्रोकोडाइल इज व्हेरी डेंजरस, इट इज व्हेरी बिग, इट लिव्हज इन वॉटर एवढं म्हणून थांबतो. मगरीला वापरता येईल असा एकही शब्द त्याच्याकडे नसतो. अर्साइन पाठ असतं, पण अस्वलासारखा हा शब्द तो बोलणार कुठे. त्या परीक्षेत बोलण्याचे मार्क चार गोष्टींना सारखे वाटलेले असतात, त्यात एक शब्दसंपत्ती, आणि तिथे नेहमी न वापरला जाणारा शब्द नेमक्या जागी आलाय का, त्याच्या जोडीला जे शब्द यायला हवेत ते आलेत का, हे बघितलं जातं, नुसता अवघड शब्द मधेच टाकला म्हणून कोणी मार्क देत नाही.

या आइनवाल्या शब्दांना कामच नाही असं नाही हां. ते लॅटिनमधून आलेत आणि त्यांचं खरं घर म्हणजे डॉक्टर, व्हेटर्नरी दवाखाना, लॅब. 2018 साली गीरमधे दलखाणिया भागात थोड्याच दिवसांत 23 सिंह गेले, तेव्हा तपासणीत काही सिंहांमधे कॅनाइन डिस्टेंपर नावाचा व्हायरस सापडला, तो आपल्याकडे सगळ्या पेपरांत आला होता. कॅनाइन म्हणजे कुत्र्याच्या कुळातला, हा आजार कुत्र्यांचा म्हणून ओळखला जातो, आणि सिंह तर मांजराच्या कुळातला म्हणजे फिलाइन, तरी त्याला झाला, म्हणून तर एवढी घबराट झाली. ही एक बातमी वाचून दाखवली की दोन्ही शब्द कायमचे डोक्यात बसतात. एव्हियन म्हणजे पक्ष्यांचा फ्लू, बोव्हाइन टीबी तसंच, आणि दातांच्या डॉक्टरकडे सुळ्याला कॅनाइन म्हणतात ते तर मुलांनी ऐकलेलंच असतं. पण हे न सांगता नुसतं बोव्हाइन म्हणजे गायीसारखा असं छापलं तर काय होतं, एका मुलीने आपल्या आजीबद्दलच्या निबंधात आजी खूप बोव्हाइन आहे असं लिहिलं होतं. तिच्या मनात आपली गरीब गाय होती, शांत, मायाळू. इंग्रजीत माणसाला बोव्हाइन म्हटलं की तो मंद आणि बथ्थड असा अर्थ होतो. इतकी चांगली मुलगी, इतक्या प्रेमाने लिहिलेलं वाक्य, आणि दोष तिचा अजिबात नाही, यादीने तिला अर्धंच सांगितलं होतं.

कळपांच्या नावांचंही तेच. त्यातली बरीच नावं फार जुनी, 1486 साली इंग्लंडमधे छापलेलं बुक ऑफ सेंट ऑल्बन्स म्हणून शिकारीवरचं पुस्तक आहे त्यात अशा नावांची लांबच लांब यादी आहे आणि कावळ्यांचा मर्डर त्यातलाच. खानदानी लोकांनी शिकारीत बोलताना वापरायची ती भाषा. आज पक्ष्यांचा अभ्यास करणारा माणूस कावळ्यांच्या थव्याला सरळ फ्लॉक म्हणतो. जे रोजच्या वापरातले आहेत ते थोडेच आहेत, गुराढोरांचा आणि हत्तींचा हर्ड, लांडग्यांचं पॅक, मधमाश्यांचा स्वॉर्म, माशांचा शोल, कुत्री-मांजरीच्या एका वेताची पिल्लं म्हणजे लिटर, कोंबडीची ब्रूड, एका वेळी घातलेली अंडी म्हणजे क्लच. मराठीत तरी आपण काय करतो, थवा, कळप, टोळी, तांडा, मोहोळ, एवढ्यावर सगळं निभतं आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे, हरणांचा थवा कोणी म्हणणार नाही. सिंहांचा प्राइड तेवढा जरूर शिकवा, पण मग हेही सांगा की गीरमधे नर बहुतेक वेळ माद्यांपासून वेगळे राहतात, दोन-तीन नर मिळून इलाका सांभाळतात आणि त्या नरांच्या गटाला कोअलिशन म्हणतात. 2025 च्या गणतीत गीर आणि आसपासचे मिळून 891 सिंह निघाले, त्या बातम्या इंग्रजीत वाचल्या तर प्राइड, कब म्हणजे छावा, सबॲडल्ट म्हणजे पूर्ण वाढ न झालेला, टेरिटरी म्हणजे इलाका, डिस्पर्स म्हणजे पांगणं, हे शब्द येतात. परीक्षेतले वाचायचे उतारे अशाच लिखाणातून येतात, पार्लमेंट ऑफ आउल्स कुठेही येत नाही.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याला येते. ॲडव्हान्स्ड शब्द म्हणजे नेमका शब्द, आणि प्राण्यांच्या बाबतीत नेमके शब्द आपल्या मराठीत ढीगभर आहेत, आपल्या आज्या ते दिवसभर बोलायच्या. मुलांना इंग्रजी शब्द जड जातो त्याचं एक मोठं कारण असं की मागचा मराठी शब्दच त्यांच्याकडे राहिलेला नाही. वर्गात विचारलं की गाय व्याली याला इंग्रजीत काय म्हणायचं, तर पहिलं उत्तर काऊची डिलिव्हरी झाली, आणि व्याली म्हणजे काय हे अर्ध्या मुलांना सांगावं लागतं. इंग्रजीत द काऊ काव्ह्ड असं म्हणतात, काफ म्हणजे वासरू त्याचंच क्रियापद. घोडी फोल्स, मेंढी लॅम्ब्ज, शेळी किड्स, डुकरीण फॅरोज, कुत्री व्हेल्प्स. आणि आपल्याकडे पिल्लांचे शब्द बघा, गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, घोडीचं शिंगरू, मेंढीचं कोकरू, शेळीचं करडू, हरणाचं पाडस, सिंहाचा छावा. शिंगरू माहीत असलेल्या मुलाला फोल एका मिनिटात येतो कारण त्याच्या डोक्यात ती जागा तयार असते, आणि ज्याच्याकडे सगळ्यांना मिळून बेबी हा एकच शब्द आहे त्याला काफ, फोल, फॉन, कब ही नुसती पाठ करायची ओळ होऊन बसते. काफ तर गायीपुरता नाहीच, म्हैस, हत्ती, देवमासा सगळ्यांच्या पिल्लाला काफ. सयाजीबागेतल्या म्युझियममधे देवमाशाचा भला मोठा सांगाडा आहे, तिथे मुलांना घेऊन जाते तेव्हा हे सांगते, आणि एवढ्या मोठ्या जनावराचं वासरू म्हटल्यावर मुलं वर बघतच राहतात.

आणि दुधाचं तर बोलायलाच नको, आपण राहतो कुठे, आणंद इथून तासाभरावर, जिथे 1946 साली शेतकऱ्यांचा दूध संघ उभा राहिला आणि सगळ्या देशाने त्यावरून धडा घेतला. तरी मुलांना कालवड म्हणजे हेफर हे माहीत नसतं. गाभण म्हणजे इन काफ, भाकड म्हणजे ड्राय, कास म्हणजे अडर, सड म्हणजे टीट, रवंथ करणे म्हणजे च्यू द कड आणि त्याचा पुस्तकी शब्द रुमिनेट, ज्याचा पुढे घोळून घोळून विचार करणे असाही अर्थ होतो. व्यायल्यावरचं पहिलं दूध म्हणजे चीक, इंग्रजीत कोलोस्ट्रम. खरवस खाल्लेला नाही असं मराठी मूल बडोद्यात सापडायचं नाही, आणि कोलोस्ट्रम हा शब्द परक्या भाषेतला वाटतो त्याला, हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण वस्तू त्याच्या जिभेवर आहे. माझ्याकडून शिकून गेलेला एक मुलगा न्यूझीलंडला डेअरीवर कामाला आहे, त्याने फोनवर सांगितलं की बाई, गेल्या गेल्या हेफर, काव्हिंग, कोलोस्ट्रम यानेच सुरुवात झाली, आणि आजोबांच्या गोठ्यात सगळं बघितलेलं होतं म्हणून मला एकदा ऐकलं की पुरायचं.

गायीचं एक चित्र छापा ना तुम्ही, चांगलं मोठं, गीर गाय घ्या, बाहेर आलेलं गोल कपाळ, लांब लोंबते कान, आणि बाजूला बाण काढून दोन्ही भाषेत नावं द्या. वशिंड म्हणजे हंप, गळ्याखालची पोळी म्हणजे ड्यूलॅप, खूर म्हणजे हूफ, आणि दुभंगलेला खूर म्हणजे क्लोव्हन हूफ. वशिंडवाल्या सगळ्या आपल्या गुरांना मिळून इंग्रजीत झेबू म्हणतात हे किती जणांना माहितीये. हीच गीर गाय ब्राझीलला गेली आणि तिथे तिची प्रचंड पैदास झाली, त्यासाठी शब्द आहे ब्रीड, नाम पण तेच आणि क्रियापद पण तेच.

आवाजाचंही सांगते. आम्ही दांडिया बाजारात राहतो, रात्री गल्लीतल्या कुत्र्यांचं ऐकत झोपायचं, आणि मुलांना ते सगळं बार्किंग वाटतं. पण भुंकणं वेगळं, गुरगुरणं वेगळं, शेपटीवर पाय पडला की केकाटणं वेगळं, पिल्लू दाराशी कुंई कुंई करतं ते वेगळं, आणि मध्यरात्री एक कुत्रं तोंड वर करून रडायला लागतं ते तर सगळ्यांत वेगळं. बार्क, ग्राउल, येल्प, व्हिंपर, हाउल. दात विचकून, वरचा ओठ मागे ओढून गुरगुरणं म्हणजे स्नार्ल. हे सहा शब्द एका रात्रीत कानाने शिकता येतात, खिडकी उघडी ठेवली की झालं. कुत्र्यांवरूनच अजून एक महत्त्वाचा फरक, स्ट्रे, फेरल आणि वाइल्ड. माणसांच्या वस्तीत बिनमालकाचं हिंडणारं ते स्ट्रे. पाळीव जातीचं जनावर पण माणसापासून सुटून पिढ्यान्‌पिढ्या रानटी झालेलं ते फेरल. आणि लांडगा, कोल्हा हे मुळातच वाइल्ड. तसंच टेम आणि डोमेस्टिकेटेड, हत्ती माणसाळतो म्हणून तो टेम, पण गाय-कुत्र्यासारखी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून त्याची पैदास केलेली नाही, म्हणून त्याला डोमेस्टिकेटेड म्हणत नाहीत. 2025 च्या ऑगस्टमधे भटक्या कुत्र्यांवर सुप्रीम कोर्टाचे आदेश आले तेव्हा स्ट्रे, स्टरिलाइज, व्हॅक्सिनेट, रेबिड, शेल्टर हे शब्द रोज मथळ्यात होते, मी त्याच बातम्या वर्गात वापरल्या आणि दहावीची मुलं आपणहून इंग्रजीत वाद घालायला लागली, दोन्ही बाजूंनी.

आता मगर. बडोद्याच्या मुलाला मगरीबद्दल दोन मिनिटं इंग्रजीत बोलता येत नसेल तर ते आपण मोठ्यांनी मनाला लावून घ्यायला हवं, कारण शहराच्या मधोमध वाहणाऱ्या नदीत एवढ्या मगरी असलेलं दुसरं शहर दाखवा. 2019 आणि 2024 च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी सोसायट्यांमधे शिरलं आणि त्याच्याबरोबर मगरीही आल्या, लोकांनी अंगणात बघितल्यात. थंडीत काळा घोडा चौकाजवळच्या पुलावर उभं राहून खाली बघितलं की काठावर मगर उन्हात पडलेली दिसते, ते बास्क. तोंड उघडं ठेवून निश्चल पडलेली असते, ते गेप, आणि तोंड उघडं म्हणजे भूक लागलीय असं नाही, ती अंगातली उष्णता सांभाळत असते. अंगाची उष्णता बाहेरून घेणारे प्राणी म्हणजे कोल्ड ब्लडेड, विज्ञानातला शब्द एक्टोथर्म. पाण्यात फक्त डोळे आणि नाकपुड्या वर ठेवून दबा धरते, ते लाय इन वेट, आणि असा शिकारी म्हणजे ॲम्बुश प्रेडेटर. दबा धरणे हा आपला शब्द इतका चपखल आहे की ॲम्बुश वेगळा समजवावाच लागत नाही. मग एकदम झेप घेते ती लंज, जबड्यात पकडते ती ग्रिप. काठाच्या मातीत बीळ करून राहते ते बरो.

उन्हाळ्याच्या सुमाराला मादी काठावर खड्डा करून अंडी घालते, साधारण पंचवीस-तीस, तो क्लच, त्यांच्यावर नजर ठेवून राहते ते गार्ड द नेस्ट. दोनेक महिन्यांनी अंड्यातूनच पिल्लांचे बारीक आवाज यायला लागतात, ते ऐकून आई माती उकरते, पिल्लं नाकाच्या टोकावरच्या एका छोट्या टणक भागाने कवच फोडतात ज्याला एग टूथ म्हणतात, आणि आई त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडते. त्याच जबड्यात, जो म्हशीचं रेडकू ओढून नेऊ शकतो. हॅच, हॅचलिंग, शेल, इन्क्युबेट, सगळे शब्द एका गोष्टीत आले. आणि अंड्यातून नर निघणार की मादी हे घरट्यातल्या उष्णतेवर ठरतं, हे सांगितलं की मागच्या बाकावरचाही मान वर करून ऐकतो. हे सगळं बोलायला दोन मिनिटं पुरत नाहीत, परीक्षकालाच थांबवावं लागेल. एक मात्र मुलांना बजावून सांगते, आपल्या मगरीला इंग्रजीत मगर क्रोकोडाइल म्हणतात, स्पेलिंग एम यू जी जी ई आर, आपल्याच मगर शब्दावरून गेलेलं, पण नुसतं मगर म्हणायचं नाही, कारण तिकडे त्याच स्पेलिंगचा मगर म्हणजे रस्त्यात लुटणारा. मगर क्रोकोडाइल किंवा मार्श क्रोकोडाइल असं पूर्ण म्हणायचं.

विषारी सापाला पॉयझनस म्हणू नये, व्हेनमस म्हणावं. जो चावून किंवा डसून विष आत सोडतो तो व्हेनमस, जो खाल्ल्याने बाधतो तो पॉयझनस, म्हणून नाग, मण्यार, घोणस, फुरसं व्हेनमस आणि काही अळंबी पॉयझनस. मराठीत दोन्हीला विषारीच, त्यामुळे हा घोळ होतोच. नर्सिंगला जाणाऱ्या मुलींना तर हे यायलाच हवं, सापाच्या लसीला अँटीव्हेनम का म्हणतात तेही त्यातच कळतं. आणि मटण, आपण बोकडाचं खातो त्याला मटण म्हणतो, तिकडे मटण म्हणजे मेंढीचं, बोकडाचं हवं तर गोट मीट असं मागावं लागतं.

शिंगांचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण चांगल्या चांगल्या पुस्तकांत चुकतं. आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो, पण चितळ आणि सांबर हे डिअर, काळवीट, चिंकारा आणि नीलगाय हे अँटिलोप. डिअरच्या डोक्यावर असतात ते अँटलर्स, ते हाडाचे, त्यांना फाटे फुटतात, दर वर्षी गळून पडतात आणि पुन्हा येतात, नवीन येताना वर मऊ लव असलेली कातडी असते तिला व्हेल्व्हेट म्हणतात. अँटिलोपच्या डोक्यावर हॉर्न्स, आत हाड आणि वर आपल्या नखांच्या जातीचं कवच, ते कधी गळत नाहीत आणि फाटे नसतात. भावनगरजवळ वेळावदरला काळवीट बघायला लोक जातात तिथे नराची पीळ पडलेली शिंगं दिसतात, ती स्पायरल हॉर्न्स. गळणे, टाकणे याला क्रियापद शेड, आणि साप कात टाकतो तिथेही शेडच, पक्ष्यांनी पिसं टाकली तर मोल्ट.

पक्ष्यांसाठी वढवाणा आहेच. डभोईजवळचं गायकवाडी काळातलं ते तळं 2021 साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, दर हिवाळ्यात परदेशी पक्षी येतात. मायग्रेटरी आणि रेसिडेंट हे दोन शब्द मुलांना माहीत असतात, पण बदकांत डॅब्लिंग आणि डायव्हिंग असा फरक असतो हे दुर्बीण हातात दिल्यावरच कळतं. काही बदकं डोकं पाण्यात आणि शेपूट आकाशाकडे करून उलटी होतात पण पूर्ण बुडत नाहीत, ती डॅब्लिंग, काही बुडी मारून दिसेनाशी होतात आणि भलतीकडेच वर येतात, ती डायव्हिंग. चिखलात लांब पायांनी चालत चोच खुपसत फिरतात ते वेडर, चोच खुपसणं म्हणजे प्रोब. संध्याकाळी झाडावर रात्रीपुरतं बसायला जमतात ते रूस्ट. चोचीला बीक आणि बिल दोन्ही चालतं, बदकाच्या चपट्या चोचीला बहुधा बिल म्हणतात. शिकारी पक्ष्याच्या नख्या म्हणजे टॅलन्स. गिधाडं आता आपल्याला सहज दिसत नाहीत, जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधाने मेलेल्या गुरांचं मांस त्यांना विष ठरलं, 2006 साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली तोपर्यंत फार उशीर झाला होता. स्कॅव्हेंजर म्हणजे मेलेलं खाणारा, कॅरियन म्हणजे मेलेल्या जनावराचं सडकं मांस, कार्कस म्हणजे मेलेल्या जनावराचं धड, हे शब्द मी त्या गोष्टीतूनच शिकवते. मुलं गंभीर होऊन ऐकतात आणि कॅरियनचं स्पेलिंग कोणी चुकत नाही.

टोळधाडीचंही असंच, काही वर्षांपूर्वी बनासकांठ्यात आली होती. तो कीडा एरवी एकटा राहतो, सॉलिटरी, गर्दी वाढली की त्याचा रंग आणि वागणं बदलून तो झुंडीने राहायला लागतो, ग्रिगेरियस. हा जीआरईवाल्यांचा, म्हणजे परदेशात पुढच्या शिक्षणासाठी ती परीक्षा देणाऱ्यांचा, लाडका शब्द आहे, माणसाबद्दल वापरला तर चार लोकांत रमणारा.

आणि माणसाच्या वागण्याला वापरलेली प्राण्यांची क्रियापदं, ती मात्र द्या तुम्ही, ती खरोखर ॲडव्हान्स्ड आहेत आणि पेपरात रोज येतात. टु हाउंड म्हणजे हात धुऊन मागे लागणं, टु बॅजर म्हणजे तेच तेच विचारून भंडावून सोडणं, टु फेरेट आउट म्हणजे खोदून खोदून शोधून काढणं, टु वुल्फ डाउन म्हणजे बकाबका गिळणं. फक्त प्राणी तोच म्हणून भाव तोच असेल असं धरून चालू नका, तिकडे घुबड शहाणं मानतात आणि आपल्याकडे छपरावर बसलं तरी लोक अस्वस्थ होतात.

तर विनंती अशी. एका आठवड्याला एकच प्राणी घ्या, आणि तो आपल्या आसपासचा घ्या, मगर, गीर गाय, गल्लीतलं कुत्रं, वढवाण्याचं बदक, नीलगाय, वटवाघूळ. आधी तो काय करतो ती क्रियापदं द्या, मग अंगाचे भाग, मग आवाज, आणि विशेषणं शेवटी. प्रत्येक शब्दासमोर मराठी शब्द द्या, आणि एक पूर्ण वाक्य, कारण नुसत्या अर्थाने शब्द वापरता येत नाही. मराठी शब्दांसाठी वाचकांनाच पत्रं पाठवायला सांगा, डभोई, पादरा, सावली या बाजूला अजून गुरं सांभाळणारी मराठी घरं आहेत, शिवाय इथल्या कित्येक घरांत महाराष्ट्रातल्या गावाकडून आलेली आजी असते, दुडकी चाल म्हणजे ट्रॉट आणि चौखूर उधळणं म्हणजे गॅलप हे तिला विचारलं तर ती हाताने करून दाखवेल. गुजराती शब्दही शेजारी दिलात तर फार चांगलं, आमची मुलं तिन्ही भाषांत जगतात. याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1906 साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, 1931 साली राज्यकारभाराच्या शब्दांचा इंग्रजीसमोर गुजराती, मराठी, संस्कृत वगैरे प्रतिशब्द देणारा मोठा कोश काढवून घेतला, म्हणजे भाषा शेजारी शेजारी मांडून शब्द नक्की करायचं काम या शहराला नवीन नाही.

मी मदतीला तयार आहे, मगर, गाय आणि कुत्रा या तिघांचे शब्द वाक्यांसकट लिहून तयार आहेत, सांगाल तेव्हा पाठवते, मानधन वगैरे काही नको. मगरीचा अंक पावसाळ्याच्या तोंडावर काढा, पिल्लं तेव्हाच बाहेर पडतात. फोटोखाली ॲलिगेटर असं मात्र छापू नका, ॲलिगेटर अमेरिकेत आणि चीनमधे असतो, भारतात नाहीच, तोंड मिटल्यावरही खालचा चौथा दात बाहेर दिसत असेल तर ती क्रोकोडाइल, आणि विश्वामित्रीतल्या सगळ्या तशाच आहेत.

आपली,
शिकवणी घेणारी एक वाचक
दांडिया बाजार, वडोदरा